एचडी चॅनेल किती, आणि चॅनेल किती एचडी?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आज एका लढाईबद्दल बोलूया. ही लढाई आपल्या गच्च्यांवर, गॅलरीच्या गजांवर आणि पत्र्याच्या छपरांवर लढली गेली. शस्त्र होतं दीड-दोन फुटांची छत्री. हां, तीच, डीटीएचची. आणि भांडण कशावरून? तर 'आमच्याकडे एचडी चॅनेल जास्त' यावरून.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, 'अरे, टीव्ही बघतंय कोण आता? आम्ही सगळं मोबाईलवरच बघतो.' मान्य. पण म्हणूनच हा भाग तुमच्यासाठी आहे. त्या लढाईत 'एचडी' या शब्दाचं जे झालं, तेच आज तुमच्या मोबाईलवर घडतंय. फक्त छत्री दिसत नाही, एवढाच फरक. भागाच्या शेवटाकडे मी तुम्हाला एक भागाकार सांगणार आहे, पाचवीतल्या पोराला जमेल असा. तो केला की तुम्ही पैसे भरून जे एचडी बघताय त्यात दूध किती आणि पाणी किती, हे तुमचं तुम्हाला कळेल.

आधी थोडं गणित

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. आपल्या जुन्या साध्या चॅनेलचं, म्हणजे एसडीचं, एक चित्र आडवं ७२० आणि उभं ५७६ ठिपक्यांचं. गुणाकार करा: ४,१४,७२०. एचडीचं चित्र आडवं १,९२० आणि उभं १,०८०. गुणाकार २०,७३,६००. आता मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. बरोबर पाच! पॉइंट नाही, बाकी नाही. म्हणजे एका एसडी चित्राच्या जागी पाचपट माल पाठवायचा, तोही सेकंदाला पंचवीस वेळा.

हा माल जसाच्या तसा पाठवता येतो का? अजिबात नाही. स्टुडिओत कॅमेऱ्यापासून पुढे जी केबल जाते, तिच्यातून एचडी चित्र सेकंदाला सुमारे १,४८५ मेगाबिट या वेगाने धावत असतं. एवढं ओझं सुमारे ३६ हजार किलोमीटर वर चढवायचं आणि तिथून तुमच्या छत्रीत उतरवायचं, हे कुणालाच परवडणार नाही. म्हणून ते दाबतात. बिऱ्हाड हलवताना आपण गादी गुंडाळून, गुडघ्याने दाबून, सुतळीने आवळतो ना, तसं. चांगलं एचडी चॅनेल छत्रीपर्यंत येतं तेव्हा ते ८ ते १० मेगाबिटचं उरलेलं असतं. म्हणजे जवळपास दीडशे पट किंवा त्याहून जास्त दाबलेलं.

दाबायची युक्ती सोपी आहे. एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदललं नाही, ते पुन्हा पाठवायचंच नाही. बातम्यांमध्ये निवेदिका एका जागी बसलेली असते, मागचा पडदा तोच असतो, हलतात फक्त ओठ आणि खालची पट्टी. असं चॅनेल थोडक्यात भागतं. पण क्रिकेट? चेंडू सीमारेषेकडे चाललाय, कॅमेरा त्याच्यामागे पळतोय, मैदानावरचं गवताचं प्रत्येक पातं सरकतंय, मागे हजारो माणसं उभी राहून हात हलवतायत. म्हणजे दर चित्रात सगळंच नवीन. इथे मेगाबिट कमी पडले की गवताचा हिरवा चिखल होतो आणि प्रेक्षकांचे चौकोन दिसायला लागतात. चॅनेलच्या कोपऱ्यात 'एचडी' हे नाव मात्र झळकत असतं.

एसटीतली जागा

आता आकाशातल्या जागेकडे येऊ. उपग्रहावर ट्रान्स्पाँडर नावाची यंत्रणा असते. जमिनीवरून आलेला सिग्नल पकडायचा, त्याची फ्रिक्वेन्सी बदलायची, ताकद वाढवायची आणि परत खाली सोडायचा, एवढंच तिचं काम. एक ट्रान्स्पाँडर म्हणजे एक एसटी बस समजा. या बसमध्ये साधारण ५०-६० मेगाबिट माल बसतो. दोन मेगाबिटचे एसडी चॅनेल घेतले तर पंचवीसेक प्रवासी बसतील. आठ-दहा मेगाबिटचे एचडी घेतले तर सहा. बस भरली.

मग सातवा चढतो. आठवा चढतो. कंडक्टर म्हणतो, 'जरा सरकून घ्या हो, पुढे सरका!' आणि सगळे सरकतातही. आठ मेगाबिटवाला सहावर येतो, सहावाला पाचवर. कुणालाही खाली उतरवलेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काय, तर बसमध्ये आता दहा एचडी आहेत. मघाशी सहा होते. वा, प्रगती!

यात आणखी एक हुशारी असते. बसमधल्या चॅनेलांना ठरावीक जागा न देता, ज्याला ज्या क्षणी गरज आहे त्याला त्या क्षणी जास्त मेगाबिट देतात. बातम्यांचं चॅनेल स्वस्थ बसलंय? मग त्याचे थोडे मेगाबिट क्रिकेटला द्या. ही पद्धत खरंच चांगली आहे. पण एकाच बसमध्ये तीन खेळांची चॅनेल असतील आणि तिन्हीकडे सामना रंगात आला असेल, तर कुणी कुणाला द्यायचं?

आणि मग पाऊस. आपल्याकडची डीटीएच सेवा ज्या केयू बँडवर चालते, त्यातल्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. जोराचा पाऊस त्या लहरींना शोषतो आणि विखरून टाकतो. त्यात गंमत अशी की, एकाच ट्रान्स्पाँडरमध्ये जास्त माल कोंबण्याची पद्धत वापरली, तर तो माल नीट उलगडायला सिग्नलही जास्त स्वच्छ लागतो. म्हणजे बस जितकी ठासून भराल तितकी पावसाला सोसायची ताकद कमी. कोकणात जुलैमध्ये 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येते, तेव्हा दोष एकट्या ढगांचा नसतो.

सहा कंपन्या, एकच माल

आता लढाई. २००३ मध्ये डिश टीव्ही आला, देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा. २००४ च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली. तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, आज आपण तिला फ्री डिश म्हणतो. २००६ मध्ये टाटा स्काय. २००७ संपता संपता सन डायरेक्ट. २००८ मध्ये रिलायन्सचा बिग टीव्ही आणि एअरटेल. २००९ मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच. सहा खासगी आणि एक सरकारी! अमेरिकेसारख्या देशात या धंद्यात दोनच मोठ्या कंपन्या होत्या, हे लक्षात घ्या.

सुरुवातीला यांचं भांडण केबलवाल्याशी होतं. 'चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, हवे तेच पॅक घ्या.' पण सहाही जण तेच सांगायला लागले, तेव्हा पंचाईत झाली. कारण माल सगळ्यांकडे एकच होता. आपल्याकडे ट्रायचा नियम असा, की चॅनेलवाल्याने एका डीटीएचला चॅनेल दिलं तर दुसऱ्याने मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. अमेरिकेत डायरेक्टीव्हीने तिथल्या फुटबॉलचं एक पॅकेज वर्षानुवर्षं फक्त स्वतःकडे ठेवलं होतं. ज्याला ते सामने हवेत त्याने झक मारत त्यांची छत्री लावायची. आपल्याकडे तसं करता येत नव्हतं. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच. पण मग कंपन्यांनी वेगळेपण आणायचं कुठून?

इथे एचडी मदतीला धावून आलं, आणि वेळही अगदी नेमकी मिळाली. २०१० च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा, त्या तर दूरदर्शननेही एचडीत दाखवल्या. आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडेच क्रिकेटचा विश्वचषक! त्या वर्षभरात एकामागून एक कंपन्यांनी एचडी बॉक्स बाजारात आणले. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवरचा धोनीचा तो षटकार काही मोजक्या घरांनी एचडीत बघितला, आणि शेजारपाजारच्यांनी त्यांच्याकडे जाऊन.

पण जाहिरात करायची कशी? विचार करा. 'आमचं चित्र जास्त चांगलं' हे तुम्ही दाखवणार कुठे? समोरच्याच्या घरी जुना टीव्ही. त्याच्यावर एचडीची जाहिरात लावली तरी ती एसडीतच दिसणार. वर्तमानपत्राच्या पानावर तर बोलायलाच नको. चित्राचा दर्जा छापता येत नाही. आकडा मात्र छापता येतो, मोठ्या अक्षरांत, पानभर. आमच्याकडे इतके एचडी, त्यांच्याकडे फक्त इतके. ग्राहकही दुकानात जाऊन तेच विचारायला लागला: 'एचडी किती आहेत हो?'

एकदा प्रश्न असा झाला, की मग उत्तरं वाढवण्याचे रस्ते निघतात. उदाहरणार्थ, चॅनेल एचडी, पण त्यावर लागलेला सिनेमा जुन्या एसडी प्रतीवरून ताणलेला. लहान फोटो मोठा करून भिंतीवर लावला तर त्यात नवीन चेहरा येत नाही. तसंच हे. पण मोजताना ते चॅनेल एचडीतच धरलं जातं.

जागा आणायची कुठून?

कंपनीच्या जागी तुम्ही स्वतःला बसवून बघा. तुम्हाला आणखी एचडी चॅनेल द्यायचेत. रस्ते तीन.

पहिला रस्ता, आकाशात आणखी जागा घ्या. पण ती दुकानात मिळत नाही. टाटा स्काय ज्या इन्सॅट-४ए उपग्रहावरून सुरू झालं, त्यावर केयू बँडचे ट्रान्स्पाँडर होते बारा. बारा बस! परदेशी उपग्रहावर जागा घ्यायची तर तीही त्या काळी इस्रोच्या व्यापारी कंपनीमार्फत, अँट्रिक्समार्फत घ्यावी लागायची. आणि घेतलेली जागा टिकेल याची खात्री कुठे आहे? २०१० च्या जुलैमध्ये, म्हणजे एचडीची लढाई ऐन भरात येत होती तेव्हाच, इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या एका सौर पॅनेलच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला. त्याच्या २४ ट्रान्स्पाँडरपैकी बारा बंद ठेवावे लागले. सन डायरेक्ट त्याच उपग्रहावर होतं. त्यांना आपलं बिऱ्हाड मीसॅट-३ या मलेशियाच्या उपग्रहावर हलवावं लागलं. आता उपग्रह बदलला म्हणजे आकाशातली दिशा बदलली. दिशा बदलली म्हणजे घरोघरच्या छत्र्या फिरवायला हव्यात. कल्पना करा, किती माणसं किती गच्च्यांवर चढली असतील.

दुसरा रस्ता, दाबण्याचं तंत्र सुधारा. डिश टीव्ही आणि टाटा स्काय आधी आले, म्हणून त्यांचे बॉक्स जुन्या एमपेग-२ तंत्राचे होते. सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन मागून आले आणि सरळ एमपेग-४ घेऊन आले. नव्या तंत्रात तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसतं. जो उशिरा आला त्याचा फायदा झाला. पण आधी आलेल्यांनी काय करायचं? लाखो घरांतले जुने बॉक्स बदलायचे म्हणजे पैसा आणि वेळ. जोवर एकाही घरात जुना बॉक्स आहे, तोवर त्याच्यासाठी जुन्या तंत्रातली बसही चालवत राहायची.

तिसरा रस्ता, सरकून घ्या. दर चॅनेलचे मेगाबिट थोडे कमी करा. खर्च शून्य. वेळ लागत नाही. ग्राहकाला पत्र पाठवावं लागत नाही. आणि चॅनेलची संख्या लगेच वाढते.

आता सांगा, तीनपैकी कुठल्या रस्त्यावर पाय घसरायची भीती सगळ्यात जास्त? एचडी चॅनेल किती हे बिलावर असतं, पत्रकात असतं, जाहिरातीत असतं. त्यातलं प्रत्येक किती मेगाबिटने येतंय, हे मी आजवर एकाही बिलावर छापलेलं बघितलेलं नाही.

अमेरिकेत हे कोर्टात गेलं होतं

तुम्ही म्हणाल, हा नुसता संशय झाला. तर मग अमेरिकेत जाऊया, कारण तिथे ही लढाई आपल्या सात-आठ वर्षं आधी झाली.

तिथे दोन मोठे खेळाडू, डायरेक्टीव्ही आणि डिश नेटवर्क. (आपल्या डिश टीव्हीचा याच्याशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) २००३ मध्ये वूम नावाची तिसरी सेवा आली. तिचा सगळा भर एचडीवर. स्वतःचा उपग्रह, स्वतःची खास एचडी चॅनेल. नावंही कशी, तर 'मॉन्स्टर्स एचडी', 'कुंगफू एचडी'! बघायला एचडी टीव्हीच फारसे नव्हते तेव्हाची ही गोष्ट. ग्राहक जमले नाहीत आणि २००५ च्या एप्रिलअखेर सेवा बंद पडली. उपग्रह डिश नेटवर्कच्या मालकांनी विकत घेतला आणि वूमची चॅनेल डिशच्या यादीत जाऊन बसली. यादी लांब दिसायला ती बरी होती. २००८ मध्ये डिशने ती काढून टाकली, त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि २०१२ मध्ये डिशने ७० कोटी डॉलर देऊन ती मिटवली. इथे एका गोष्टीची नोंद घ्या. यादी लांब दिसण्याचीही किंमत असते.

तिकडे २००७ च्या जानेवारीत डायरेक्टीव्हीने जाहीर केलं, की वर्षभरात आम्ही शंभर एचडी चॅनेलची क्षमता उभी करतोय. त्यासाठी जुलैमध्ये बैकोनूरहून खास नवा उपग्रह सोडला. म्हणजे पहिला रस्ता, पैसे घालून जागा वाढवण्याचा. याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच्याही आधी, २००४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका ग्राहकाने डायरेक्टीव्हीवर दावा लावला होता. त्याचं म्हणणं असं: मी एचडी पॅकेजचे वेगळे पैसे भरतो. पूर्वी मला १,९२० बाय १,०८० चं चित्र मिळायचं. मग कंपनीने गुपचूप ते १,२८० बाय १,०८० केलं. भागाकार करा. एक तृतीयांश ठिपके गायब! पैसे मात्र तेवढेच. तिकडच्या हौशी मंडळींनी या प्रकाराला नावही ठेवलं होतं, 'एचडी लाइट'.

हा दावा त्याला एकट्यासाठी नको होता, सगळ्या ग्राहकांच्या वतीने लढायचा होता. २००९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तशी परवानगी नाकारली. कारण काय, तर प्रत्येक ग्राहकाने एचडी पॅकेज का घेतलं याचं कारण वेगळं असू शकतं. अनेकांनी ठिपक्यांच्या आकड्याची जाहिरात बघितलेलीही नसेल. मग सगळ्यांची एकसारखी फसवणूक झाली असं धरायचं कसं?

मला या निकालातली मेख फार महत्त्वाची वाटते. चित्र खराब झालं की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. अडचण झाली ती ग्राहकाच्या अज्ञानाची. तुम्ही काय विकत घेतलं हेच तुम्हाला नीट माहीत नव्हतं, मग ते कमी मिळालं अशी तक्रार सगळ्यांनी मिळून करणार कशी? माहिती नसणं हे नुसतं नुकसान नाही मंडळी, त्याने भांडायचा हक्कही पातळ होतो.

रांगेत मराठी कितवी?

आता परत घरी येऊ, कारण जागेच्या या टंचाईची एक झळ आपल्या भाषेलाही बसली.

हिंदीतली मोठी चॅनेल २०११ मध्ये एचडीत आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तमिळमध्ये सन टीव्ही आणि तेलुगूत जेमिनी एचडीत आले. मराठी? स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या तिघांची एचडी चॅनेल आली २०१६ मध्ये. पाच वर्षांचा फरक! त्या पाच वर्षांत ज्या मराठी घरांनी एचडी बॉक्स घेतला, एचडीचे पैसे भरले, त्यांना संध्याकाळी सातनंतरच्या मालिका मात्र एसडीतच बघाव्या लागल्या. घरात ज्या माणसाचा टीव्ही दिवसभर चालू असतो, म्हणजे आई, आजी, तिच्या वाट्याला एचडी सगळ्यात शेवटी आलं.

असं का झालं? एक कारण उपग्रहाच्या कामाच्या पद्धतीतच आहे. केबलवाला कोल्हापुरात मराठी चॅनेल देतो तेव्हा चेन्नईतल्या केबलवर त्याची जागा अडत नाही. उपग्रहाचा झोत मात्र सगळ्या देशावर एकदम पडतो. मराठी चॅनेलचे आठ मेगाबिट कोलकात्यावरही सांडतात, जिथे ते बघणारे अगदी थोडे. मग बसमध्ये एकच जागा उरली असेल तर कंपनी कुणाला चढवणार? देशभर चालेल अशा हिंदीला, इंग्रजीला, खेळाला. सन समूहाची गोष्ट वेगळी. चॅनेलही त्यांचे, डीटीएचही त्यांचं, आणि ग्राहक मुख्यतः दक्षिणेतले. त्यांचा हिशेब जुळला. मराठी प्रेक्षक हिंदीही बघतो, त्याला घाई नाही, असा हिशेब आपल्याबाबतीत कुणी केला असेल तर मला नवल वाटणार नाही. आपण मागितलंही नाही फारसं.

१३० रुपयांची बस

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे नियम लागू झाले. तुमच्या घरी त्या वेळी गोंधळ उडालेला आठवत असेल. चॅनेल अचानक बंद, वडील रिमोट घेऊन वैतागलेले. नियम असा होता: १०० एसडी चॅनेलच्या जागेसाठी महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. चॅनेलची किंमत त्याशिवाय वेगळी. आणि आपल्या विषयाची गोष्ट म्हणजे, एक एचडी चॅनेल दोन एसडींच्या बरोबरीने मोजायचं ठरलं.

बघा, ठिपके पाचपट, मेगाबिट साधारण चौपट, पण हिशेबात दुप्पट. ग्राहकाला हे स्वस्त वाटेल. पण याची दुसरी बाजू बघा. एचडी चॅनेल आठ मेगाबिटने पाठवलं काय आणि चारने पाठवलं काय, नियमात त्याची गणना सारखीच. इमानदारीने जास्त जागा देणाऱ्याला जास्त काही मिळत नाही. जो सरकून घेतो त्याची जागा वाचते. नियमानेसुद्धा चॅनेल मोजली. चित्र मोजलं नाही.

पुढे या लढाईचं काय झालं? बिग टीव्ही रिलायन्सच्या हातातून गेला. व्हिडिओकॉन डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. टाटा स्काय २०२२ मध्ये टाटा प्ले झाली. पैसे भरणाऱ्या डीटीएच ग्राहकांची संख्या एके काळी सात कोटींच्या वर होती. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२५ मध्ये ती सहा कोटींच्या खाली आली. ज्यांना परवडत होतं आणि नेट होतं, ते मोबाईल आणि स्मार्ट टीव्हीकडे गेले. ज्यांना महिन्याचा रिचार्ज जड होता, ते फ्री डिशकडे गेले. म्हणजे एचडीचा आकडा वाढवत नेऊन ग्राहक राखता आला नाही. आकड्यासाठी आलेला ग्राहक आकड्यासाठीच निघूनही जातो.

आता तुमचा भागाकार

मोबाईलवर येऊ. इथे उपग्रह नाही, पण बस आहेच. टॉवर, फायबर, कंपनीचा सर्व्हर, सगळीकडे जागा मोजून आणि पैसे मोजून. ॲपवर '१०८०' लिहिलंय म्हणजे चित्राची चौकट तेवढ्या ठिपक्यांची आहे, इतकंच. त्या चौकटीत माल किती भरलाय, हे तो आकडा सांगत नाही. नेट मंदावलं की ॲप स्वतःहून मेगाबिट कमी करतं. तेही वाईट नाही, त्यामुळे सामना अडकत नाही. पण तुम्ही पैसे वरच्या दर्जाचे भरलेत आणि नेट चांगलं असतानाही कमीच मिळतंय, तर ते तुम्हाला कळायला हवं.

तर भागाकार असा. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपने किती डेटा वापरला ते दिसतं. सामना सुरू करण्याआधी तो आकडा बघा. एक तास सलग बघा. परत आकडा बघा. मधला फरक जितके एमबी असेल त्याला ४५० ने भागा. येईल ते उत्तर म्हणजे मेगाबिट.

तासाला ३,६०० एमबी गेले? उत्तर आठ. जुन्या डीटीएचच्या चांगल्या एचडीएवढा माल तुम्हाला मिळतोय. तासाला ९०० एमबी? उत्तर दोन. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तुमचं 'एचडी' तीन तास आरामात चालत असेल, तर तासाला पडले ५०० एमबी. उत्तर एकच्या थोडं वर. यात खुश व्हायचं की दुःखी, ते तुम्ही ठरवा!

दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. एक, दाबण्याची आजची तंत्रं एमपेग-४ च्या काळापेक्षा बरीच पुढे गेलीत. तेच चित्र जवळपास निम्म्या मालात बसतं. त्यामुळे चार मेगाबिट आले म्हणून लगेच फसवणूक झाली असं नाही. दोन, सहा इंचांच्या स्क्रीनला थोडक्यात भागतं. तोच सामना घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावा, मग गवत बघा. चेंडू नका बघू, गवत बघा. पाती दिसली तर ठीक. हिरवा चिखल दिसला तर भागाकार करा.

आणि उत्तर फारच लहान आलं, तर गप्प बसू नका. आधी सेटिंगमध्ये डेटा बचतीचं बटण चालू नाही ना ते बघा. मग तारीख, वेळ, नेटचा वेग आणि हा आकडा लिहून तक्रार करा. 'चित्र चांगलं नाही' या तक्रारीला कस्टमर केअर 'ॲप बंद करून चालू करा' असं उत्तर देतं. 'मी एचडीचे पैसे भरतो आणि मला सव्वा मेगाबिट मिळतंय' या तक्रारीला तेवढ्यावर वाटेला लावणं जरा अवघड जातं. कॅलिफोर्नियातल्या त्या माणसाने हेच केलं होतं. तो आकडा घेऊन गेला होता. त्याच्या सोबत उभं राहायला बाकीच्यांकडे आकडा नव्हता, एवढंच.

घरी आई-बाबांच्या डीटीएचचा रिचार्ज तुम्हीच करत असाल, तर एक काम अजून. पॅकमधली एचडी चॅनेल एकदा त्यांच्यासोबत बसून बघा. त्यांच्या रोजच्या चॅनेलची एचडी आवृत्ती त्यात आहे का? नसेल, आणि कधीच न लागणाऱ्या दहा एचडींचे पैसे जात असतील, तर अदलाबदल करा. आपल्या घरापुरता तरी हिशेब संख्येवरून चित्रावर आणा.

पुढच्या सामन्याला भागाकार करून बघा आणि उत्तर मला कळवा: फोन की टीव्ही, वायफाय की मोबाईल डेटा, आणि मेगाबिट किती. पुरेशी उत्तरं जमली तर त्यावर एक भाग करू.

तोवर ऐकत राहा. भेटूया!